तिबोटी खंड्या आणि कुळथाच्या मुळावरची गाठ

अकरावीच्या जीवशास्त्राच्या वर्गाला मी दरवर्षी एक काम देते. आपल्या गावातले कोणतेही दोन सजीव निवडायचे आणि त्यांची तुलना लिहून आणायची. बहुतेक मुलं आंबा-काजू घेतात, नाहीतर गाय-म्हैस. एका वर्षी डोंगराकडच्या वाडीतली एक मुलगी वेगळीच जोडी घेऊन आली: तिबोटी खंड्या आणि कुळथाच्या मुळावरच्या गाठींत राहणारा जिवाणू. एकाला पाहायला पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन कोकणात येतात. दुसरा डोळ्यांना दिसतच नाही. वर्गाला ही जोडी ओढूनताणून जुळवलेली वाटली. मला ती फार आवडली. कोकणातल्या आमच्या लांजा तालुक्याच्या मातीत हे दोघंही राबतात आणि एकमेकांच्या इतक्या जवळ राबतात की दोघांकडे एकत्र पाहिल्याशिवाय त्यातला एकही नीट कळत नाही. तेव्हापासून शेतात, पऱ्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठी आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांमागे फिरताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

१. तुलनेआधी मोजपट्टी ठरवावी, आणि एकाच मोजपट्टीवर थांबू नये.

मुलं सगळ्यात आधी आकार लिहितात. तिबोटी खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १३ सेंटिमीटर, वजन १५ ते २० ग्रॅम. आपल्याकडच्या खंड्यांमध्ये हा सगळ्यात लहान. कुळथाच्या गाठीतला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू लांबीला साधारण दोन मायक्रॉन. एकामागे एक ठेवले तर त्या चिमुकल्या पक्ष्याच्या लांबीएवढी रांग व्हायला ६५ हजार जिवाणू लागतील. एवढं लिहिलं की मुलांना तुलना संपली असं वाटतं.

मग मी दुसरी मोजपट्टी काढते. सोयाबीनच्या गाठीतल्या अशाच एका ब्रॅडीरायझोबियमचा संपूर्ण जनुकसंच जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली वाचून काढला. त्यात सुमारे ९१ लाख अक्षरं आणि ८,३०० च्या आसपास जनुकं निघाली. पक्ष्यांचा जनुकसंच साधारण १०० ते १२५ कोटी अक्षरांचा असतो, म्हणजे शंभरपटीहून मोठा; पण त्यातली प्रथिनं घडवणारी जनुकं १५ ते १७ हजारच. अक्षरं शंभरपट आणि जनुकं जेमतेम दुप्पट! चोच, पंख, डोळे, घरटं कोरायची अक्कल, रात्रीच्या अंधारात वाट काढायचं भान, हे सगळं घडवणाऱ्या पक्ष्याकडे एका पेशीच्या जिवाणूपेक्षा जनुकं फक्त दुप्पट आहेत, हे वाचल्यावर वर्ग गप्प होतो.

तिसरी मोजपट्टी रसायनाची. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून असतात. खंड्याला ते तोडता येत नाहीत, मला नाही, कुळथालाही नाही. खताच्या कारखान्यात ते तोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो. जिवाणू तेच काम शेतातल्या मातीच्या तापमानाला करतो. या मोजपट्टीवर खंड्याच्या पुढे शून्य मांडावं लागतं. श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला म्हणून उत्तर नाही. कशात, ते आधी सांगावं लागतं.

२. दोघांचं वेळापत्रक पाऊसच ठरवतो, पण दोघं त्याच्या दोन टोकांना उभे असतात.

लांजा तालुका पूर्वेकडे चढत चढत सह्याद्रीला भिडतो. माचाळच्या डोंगरात मुचकुंदी उगम पावते आणि खोरनिंको, प्रभानवल्लीच्या बाजूनं उतरून पुढे पूर्णगडजवळ समुद्राला मिळते. उत्तरेला आंजणारीच्या पुलाखालून काजळी वाहते. या दोन नद्यांना मिळणारे असंख्य पऱ्ये आणि व्हाळ, त्यांच्या काठची गर्द सावली, आणि पाण्यानं कापलेल्या तांबड्या मातीच्या उभ्या कडा, एवढं मिळालं की तिबोट्याचं घर झालं.

मोसमी पाऊस येण्याच्या सुमारास तो येतो. निळसर काळी पाठ, तिच्यावर जांभळी झाक, पिवळंधमक पोट, केशरी-लाल चोच आणि तसेच पाय. पायाला बोटं तीनच. नर आणि मादी दोघं मिळून मातीच्या कड्यात बीळ कोरतात. ते कधी वीतभर, तर कधी मीटरभर खोल जातं. चार-पाच अंडी, सतरा दिवसांच्या आसपास उबवण, आणि पुढे साधारण वीस दिवसांत पिल्लं बाहेर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या मुलखात, ऐन पावसात, मातीच्या बिळात संसार! पावसात बेडकं, खेकडे, कोळी, नाकतोडे, सापसुरळ्या यांची रेलचेल असते आणि पिल्लांची तोंडं त्याच दिवसांत उघडतात. हा खंड्या मासे खातो, पण माशांवर विसंबत नाही. गढूळ, उसळत्या पाण्यात मासा दिसणार कसा? म्हणून तो जंगलाच्या जमिनीवर शिकार करतो.

जिवाणूचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. खाचरात पाणी साठलेलं असतं तेव्हा मातीत प्राणवायू नसल्यासारखाच, आणि यजमान झाडही नाही. तो तग धरून राहतो. भात कापून झालं, जमिनीत ओल आहे तोवर कुळीथ पडला, की दाण्यातून निघालेलं मूळ काही द्रव्यं मातीत सोडतं. ती ओळखून जिवाणू उलट रासायनिक निरोप पाठवतो. मुळावरचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत शिरायला वाट करून देतो. दोन-तीन आठवड्यांत मुळावर मोहरीएवढ्या गाठी दिसायला लागतात.

म्हणजे एकाच वर्षात, एकाच शेताच्या बांधावर आणि शेतात, पावसाच्या आरंभी एक पाहुणा वीण करतो आणि पावसाच्या शेवटी दुसरा बिऱ्हाड मांडतो. वीण संपली की खंड्या निघून जातो. कुळथाच्या गाठी गोल जातीच्या असतात. त्या कुजल्या की आतले बरेच जिवाणू पुन्हा मातीत मोकळे होतात आणि पुढच्या हंगामाची वाट बघतात. मुलांना मी दोघांची वर्षभराची दिनदर्शिका एकाखाली एक काढायला सांगते. कुठल्याही कोष्टकापेक्षा ती जास्त शिकवते.

३. गाठ बघायची तर रोप उपटू नये.

रोप उपटलं की बारीक मुळं आणि गाठी मातीतच राहतात, आणि गाठीच नाहीत असं वाटतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, फूल यायच्या सुमारास, रोपाच्या भोवतीनं खुरप्यानं मातीचा गड्डा काढावा, बादलीत भिजू द्यावा, माती आपोआप सुटू द्यावी. मग एक गाठ नखानं चिरावी. आत गुलाबी किंवा लाल दिसलं तर जिवाणू कामावर आहे. हिरवट, तपकिरी दिसलं तर त्याचं काम संपलं. पांढरट दिसलं तर गाठ आहे, पण नत्र मिळत नाही. एवढ्या एका नखाच्या चिरेत शेतकऱ्याला जे कळतं, ते रोपाच्या वरच्या हिरवेपणावरून कळत नाही. कारण हिरवेपणा युरियाचाही असू शकतो.

४. लाल रंग दोघांकडे एकाच घराण्यातून आला आहे.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. गाठीतला तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आणि खंड्याच्या अंगात वाहतं ते हिमोग्लोबिन. दोन्ही ग्लोबिन या एकाच प्रथिन-घराण्यातली. दोन्हींच्या गाभ्याशी लोह, दोन्हींचं काम प्राणवायू धरणं आणि सोडणं.

काम एक, पण गरज उलटी. खंड्याचं उडणं म्हणजे स्नायूंची प्रचंड धावपळ. त्यांना प्राणवायू भरपूर आणि पटकन हवा. जिवाणूला नत्र तोडून देणारं नायट्रोजिनेज हे विकर मात्र प्राणवायू लागला की निकामी होतं. आणि गंमत अशी, की त्याच जिवाणूला श्वास घ्यायला, ऊर्जा मिळवायला प्राणवायू लागतोच. नत्राचा एक रेणू तोडायला ऊर्जेची १६ नाणी, म्हणजे एटीपीचे १६ रेणू, खर्च होतात. हवा हवी आणि हवेपासून बचावही हवा. लेगहिमोग्लोबिन हा पेच सोडवतं. ते प्राणवायू सतत पोहोचवतं, पण मोकळा असा जवळजवळ शिल्लक ठेवत नाही. हे प्रथिन घडवतं झाड. जिवाणू नत्र देतो, झाड त्याला साखर देतं आणि वर हे लाल संरक्षणही.

आपला जांभा दगड तांबडा आहे तो लोहामुळे. पऱ्याच्या कड्याची माती तांबडी, गाठीचं पोट तांबडं, पक्ष्याचं रक्त तांबडं. वर्गात एका बाजूला चिरलेली गाठ आणि दुसऱ्या बाजूला जांभ्याचा खडा ठेवून मी हे सांगते, तेव्हा पाठ्यपुस्तकातलं लोह मुलांच्या अंगणात उतरतं.

लोह भरपूर असलं तरी ही माती गाठींना फार अनुकूल नाही, हेही सांगायला हवं. ती आम्लधर्मी आहे. लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट बांधून ठेवतात, आणि नायट्रोजिनेजला लागणारं मॉलिब्डेनम आम्ल मातीत पिकाला कमी मिळतं. लोहाची श्रीमंती आणि स्फुरदाची चणचण एकाच मुठीत असते. इथला जिवाणू गरिबीत संसार करतो आहे, हे लक्षात ठेवूनच त्याच्याकडून अपेक्षा करावी.

५. दोघांमधला दुवा असलेली सापसुरळी विसरू नये.

कुळीथ जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास निघतो. खंड्या जूनमध्ये येतो. शेतात दोघं एकमेकांना भेटत नाहीत. पण जिवाणूनं हवेतून ओढलेला नत्र कुळथाच्या पानात जातो, पान नाकतोडा खातो, नाकतोड्याला सापसुरळी गिळते, आणि सापसुरळी बांधाच्या दगडांत वर्षभर राहते. जूनमध्ये खंड्या तिला चोचीत धरून फांदीवर आपटतो आणि बिळात नेतो. पिल्लांची पिसं केराटिनची, केराटिन म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन नत्राशिवाय होत नाही. सगळा नत्र कुळथाचाच असं नव्हे. पावसातून, शेणखतातून, रानातल्या इतर झाडांतूनही तो येतो. पण ही वाट खरी आहे. खंड्याच्या पाठीवरचा निळा तर रंगद्रव्याचा नसतोच; पिसाच्या केराटिनमधल्या अतिसूक्ष्म पोकळ्या प्रकाश विखुरतात म्हणून तो निळा दिसतो. त्या निळाईचं बांधकाम साहित्य कुठून आलं, याचा माग काढायला गेलं तर कधी ना कधी मुळावरच्या गाठीशी येऊन उभं राहावं लागतं.

या वाटेवर आणखी एक ठिकाण आहे, आणि मला ते सगळ्यांत विलक्षण वाटतं. सोयाबीन, चवळी आणि त्यांच्या गोतावळ्यातली उष्ण प्रदेशातली कडधान्यं गाठीतला नत्र वर पानांकडे पाठवताना एक लांबचा वळसा घेतात. जिवाणूनं दिलेल्या अमोनियापासून गाठीत आधी प्युरिन बनतं, त्यापासून युरिक आम्ल, मग युरिकेज नावाचं विकर त्याचं ॲलँटॉइन करतं, आणि ते पाण्यात विरघळून खोडातून वर चढतं. पक्ष्याच्या शरीरातही जादा नत्र प्युरिनच्याच वाटेनं युरिक आम्लापर्यंत येतो. पण पक्ष्याकडे युरिकेज नाही. गाडी तिथेच थांबते. ते युरिक आम्ल म्हणजेच खंड्याच्या बसायच्या फांदीखाली दिसणारे पांढरे ठिपके.

पक्ष्याच्या दृष्टीनं यात शहाणपण आहे. अंड्याच्या कवचात बंद असलेल्या पिल्लाला आपली घाण बाहेर टाकता येत नाही. युरिक आम्ल पाण्यात फारसं विरघळत नाही, घट्ट होऊन बाजूला पडतं, आणि पिल्लाला विषबाधा होत नाही. शिवाय ते टाकायला पाणी कमी लागतं. झाडाला मात्र तोच नत्र पानापर्यंत नेऊन कामाला लावायचा असतो, म्हणून ते एक पायरी पुढे जातं. एका टोकाला तो टाकायचा माल, दुसऱ्या टोकाला तोच पोहोचवायचा. आणि फांदीखालचे ते ठिपके पावसानं मातीत उतरले की मातीतलेच जिवाणू त्याचा पुन्हा अमोनिया करतात.

या दोघांची तुलना विचित्र आहे असं आता मला कोणी म्हटलं, तर मी ही वाट त्याच्यापुढे ठेवते.

६. ‘जात’ म्हणजे काय, हे पक्ष्यावरून ठरवलेलं जिवाणूला लागू पडत नाही.

लिनियसनं १७५८ साली तिबोट्याला शास्त्रीय नाव दिलं. आज तो सेयक्स एरिथाका आहे. मलेशिया-इंडोनेशियाकडे तांबूस पाठीचा एक तिबोटी सापडतो. तो याच जातीचा की वेगळा, यावर पक्षीतज्ज्ञ कितीतरी वर्षं वाद घालत आले, कारण काही भागांत दोघांचा संकर होतो. आता बहुतेक जण त्यांना दोन जाती मानतात. तरी वादाचा मुद्दा स्पष्ट होता: कोण कोणाशी जोडी जमवतो?

जिवाणू जोडी जमवत नाही. तो दुभंगतो. पण जनुकं मात्र शेजाऱ्याकडून घेतो, आणि तीही मूठभर नव्हे. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाबरोबर एक ठरावीक जिवाणू शेतात सोडला होता, कारण तिथल्या मातीत त्या पिकाला चालणारा जिवाणू नव्हता. काही वर्षांनी गाठी तपासल्या तर आत भलतेच जिवाणू निघाले. तिथल्याच मातीतल्या, पूर्वी गाठ करता न येणाऱ्या जिवाणूंनी सोडलेल्या पाहुण्याकडून सुमारे पाच लाख अक्षरांचा एक सलग तुकडा घेतला होता, आणि त्या तुकड्यात गाठ करायची सगळी विद्या होती. हे संशोधन १९९५ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालं. असा प्रकार पक्ष्यांत घडला असता, तर झाडावरच्या पोपटाला एका दुपारीत बीळ कोरता आलं असतं.

म्हणून वहीत ‘जात’ हा रकाना आखणाऱ्या मुलांना मी थांबवते. तो रकाना एकाच्या मापानं शिवलेला आहे.

७. संग्रहालयात दोघांना ठेवायच्या दोन तऱ्हा आहेत.

मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात पक्षी आहेत ते मेलेले, कातडी आणि पिसं जपलेले, पायाला चिठ्ठी बांधलेले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे; तिथले जिवाणू गोठवून, वाळवून, कुपीत बंद, पण जिवंत. कुपी फोडून पोषणद्रव्य दिलं की पुन्हा वाढायला लागतात. बारावीच्या मुलांना शक्य होईल तेव्हा दोन्ही ठिकाणं दाखवावीत, असं माझं सगळ्या शिक्षकांना सांगणं आहे.

८. खंड्याला दुरून पाहावं, आणि घरट्याचा पत्ता देऊ नये.

चिपळूण, कर्नाळा इथे तिबोट्याच्या फोटोंसाठी पावसाळ्यात गर्दी होते, आणि ती आता आमच्या पऱ्यांपर्यंतही पोहोचते आहे. चोचीत सापसुरळी धरलेला खंड्या म्हणजे छायाचित्रकाराचं स्वप्न. पण ती सापसुरळी पिल्लासाठी असते. बिळासमोर माणूस उभा असेल तर पक्षी घास घेऊन फांदीवर थांबून राहतो, आणि आत पिल्लं उपाशी. मी मुलांना एक नियम घालून दिला आहे: पक्षी चोचीत घास घेऊन बसला आणि बिळाकडे गेला नाही, तर अडचण आपण आहोत, उठायचं आणि निघायचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं हे त्या कायद्यात शिकारीतच मोडतं. पण कायद्याचा पोलीस पऱ्याकाठी नसतो. तिथे वाडीतलं पोर असतं. ते तयार व्हायला हवं.

दुसरी गोष्ट घरातली. हे पक्षी रात्री प्रवास करतात. पावसाच्या तोंडावर उजेडाला भुलून घरात शिरतात, काचेवर आपटतात. असा पक्षी सापडला तर पाणी पाजायची घाई करू नये, पोरं गोळा करून दाखवू नये. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावा. बऱ्याचदा तो सावरतो, मग झाडीजवळ खोकं उघडावं. शेजारच्या आजींना हे एकदा सांगितलं, त्यांनी जूनमध्ये ओटीवरचा दिवा रात्री लवकर मालवायला सुरुवात केली. त्यांच्या घरासमोरच पऱ्या आहे.

जिवाणूसाठी असा कायदा नाही, गर्दी नाही, कोणी त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही. पुढचा मुद्दा म्हणूनच लिहिते.

९. जिवाणू खत ही पावडर नव्हे, ते पाळीव जनावर समजून वागवावं.

खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियम, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या, पावडरमध्ये दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. म्हणजे २५० ग्रॅमच्या पाकिटात किमान १,२५० कोटी. एवढा जीव गाडीच्या डिकीत, दुपारच्या उन्हात ठेवला तर पेरणीच्या वेळी हातात नुसती भुकटी उरते. पाकीट थंड सावलीत ठेवावं, मुदत बघून घ्यावं. कुळथाला चवळी गटाचा जिवाणू लागतो. हरभऱ्याचं पाकीट त्याला चालत नाही. गाठ कोणाशी करायची हे झाड आणि जिवाणू एकमेकांच्या रासायनिक खुणांवरून ठरवतात, दुकानदाराच्या सोयीनं ठरत नाही.

एक पाकीट साधारण दहा किलो बियाण्याला पुरतं. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा (गरम असेल तर सगळे जिवाणू मरतात), त्यात पावडर मिसळून बियाण्याला हलक्या हातानं चोळायची, सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. जिवाणू नेहमी शेवटी. आणि पहिल्याच वर्षी पीक दुप्पट होईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ज्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या कुळीथ, चवळी होत आली तिथे जुने जिवाणू आधीच ठाण मांडून असतात आणि नव्याला जागा देत नाहीत. जिथे कडधान्य बरीच वर्षं पडलेलं नाही तिथे फरक पडायची शक्यता जास्त.

कुळीथ काढताना आपल्याकडे मुळासकट उपटतात. त्या वेळेपर्यंत बराचसा नत्र दाण्यात गेलेला असतो, म्हणजे मुळं ठेवून फार मोठं घबाड मिळतं असं नाही. तरीही विळ्यानं कापावा, असं माझं मत आहे. मुळं आणि फुटलेल्या गाठी जमिनीतच राहतात, आणि पुढच्या वर्षाचं जिवाणूंचं बियाणं शेत सोडून जात नाही.

१०. मेमधल्या साफसफाईत एक कडा उभा सोडावा.

पावसाआधी आम्ही सगळे कामाला लागतो. दाढीची, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेची, भाजावळ, बांधांची डागडुजी, पऱ्यातला गाळ काढणं. भाजावळीची आग वरच्या थरापुरती असते. थोड्या खालचे जिवाणू टिकतात आणि परत वर येतात. राखेनं आम्लताही थोडी कमी होते. खरं नुकसान यंत्रानं होतं. जेसीबी आला की पऱ्याचा काठ दोन्ही बाजूंनी एकसारखा उतरता केला जातो, उभी माती राहतच नाही. किंवा काठाला काँक्रीटची भिंत घातली जाते. महामार्गाच्या चौपदरीकरणात डोंगर कापले गेले तेव्हा तांबडे उभे कडे सगळीकडे दिसले, आणि अशा कापलेल्या मातीत खंड्या घर करतो. पण पुढे भिंती झाल्या की ती जागा गेली.

वाडीच्या सभेत मी जे सांगते ते एवढंच. पऱ्या साफ करताना एका बाजूचा, झाडाच्या सावलीतला, माणसाच्या उंचीएवढा उभा कडा दहा-बारा फूट लांबीत तसाच ठेवा. त्याच्या माथ्यावरची झाडं तोडू नका, मुळांनीच तो उभा राहतो. त्याच्या वरच्या अंगाच्या खाचरात भातानंतर कुळीथ किंवा चवळी टाका. काम जूनपर्यंत लांबवू नका. पाऊस सुरू झाला की बीळ कोरायला सुरुवात झालेली असते, आणि मग यंत्र आणायचंच असेल तर ते वीण उरकल्यावर, ऑक्टोबरनंतर. जेसीबीवाल्याला कडा लक्षात राहत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना चुन्यानं खूण करून ठेवायची, आणि खूण करायचं काम अकरावीच्या मुलांकडे द्यायचं.